कारवान आपल्या घरी नांदेल का?

धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. वर्षातला बराचसा काळ देव अणदुरात असतो आणि उरलेला नळदुर्गच्या मैलारपुरात. घोड्यावर स्वार झालेल्या या देवाच्या तसबिरीत सोबत कुत्रा धावताना दिसतो, आणि खंडोबाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. मेंढ्यांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांच्या मुलखात कुत्र्याला हा मान मिळावा यात नवल नाही.

याच दख्खनी पठारावरचा एक कुत्रा पाहिला की नवखा माणूस थबकतो. निमुळते लांब तोंड, खोल छाती, पाठीला टेकल्यासारखे आत गेलेले पोट, सहज मोजता येतील अशा बरगड्या. “उपाशी ठेवलंय का याला?” हा पहिला प्रश्न. तो उपाशी नसतो. तो कारवान असतो आणि त्याची घडणच तशी असते.

एक कुत्रा, अनेक नावे

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना हा कुत्रा पाळला जातो. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवाँबरोबर, त्याचे पूर्वज पश्चिम आशियातून इकडे आले अशी समजूत असल्याने तो कारवान किंवा कारवानी. कानाशेपटीवर रेशमी केस असले तर पश्मी. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली असे सांगतात. तेव्हापासून तो मुधोळ हाउंडही झाला. भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत हा होता. भारतीय सैन्यानेही मेरठच्या आपल्या केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षण दिले.

इंग्लंड-आयर्लंडात याचा एक दूरचा भाऊबंद आहे, लर्चर. ग्रेहाउंडसारख्या धावऱ्या कुत्र्याचा टेरियर किंवा मेंढपाळी कुत्र्याशी संकर करून तो निपजवतात. आपल्याकडेही कारवान आणि ग्रेहाउंड यांच्या संकराची पिल्ले सर्रास विकली जातात. नावे वेगळी असली, तरी यांतला कोणताही कुत्रा घरी आणण्यापूर्वी एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: हा कुत्रा नाकाने नव्हे, डोळ्यांनी शिकार करतो.

डोळा आणि धाव

बहुतेक कुत्री वास घेत माग काढतात. कारवान मान उंचावून क्षितिज न्याहाळतो. त्याच्या लांबट कवटीत डोळे दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवताही त्याला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक रान दिसते. दूरवर काही हलले की तो निघालाच. धावताना प्रत्येक झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात: एकदा पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढे-मागे ताणलेले असताना. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. याच चालीवर ग्रेहाउंड तासाला 65 किलोमीटरच्या पुढे जातो. आपण हाक मारेपर्यंत कुत्रा दोन शेते ओलांडून गेलेला असतो, आणि त्या क्षणी त्याला ती हाक पोहोचतच नाही. हा त्याचा हट्ट नाही. शेकडो पिढ्या माणसाने त्याला याचसाठी निवडले आहे.

म्हणून पहिला प्रश्न जागेचा. रोज मोकळे धावता येईल अशी, पण चारी बाजूंनी बंदिस्त जागा हवी. कंपाउंड माणसाच्या उंचीचे असावे. रस्त्याने नेताना पट्टा सोडू नये, आणि पट्टाही रुंद असावा. या कुत्र्याचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते, साधा पट्टा तो मागे सरकून अलगद काढून टाकतो.

दुसरा प्रश्न गोठ्याचा. धाराशिव म्हणजे उस्मानाबादी शेळीचे माहेर. काळ्याभोर, बहुधा जुळी करडे देणाऱ्या या शेळ्या इथल्या अनेक घरांचा आधार आहेत. लहानपणापासून शेळ्यांत वाढलेला कारवान उभ्या शेळीकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण करडू उधळले, कोंबडी फडफडली किंवा शेजारचे मांजर पळाले की त्याचे रक्त जागे होते. त्याला आणि लहान जनावरांना एकटे सोडू नये.

तिसरा प्रश्न मनाचा. सशामागे सोडण्याच्या हौसेने कुत्रा घेत असाल तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, हरीण, कोल्हा यांची शिकार गुन्हा आहे, मग ती कुत्र्याकडून केलेली का असेना. येडशीच्या रामलिंग घाटात तर अभयारण्यच आहे. तिथल्या रानाशेजारी राहणाऱ्याने दुप्पट जपावे.

उरलेला दिवस

धावणे दिवसातले तासभर. उरलेला वेळ हा कुत्रा झोपतो, तेही इतके निवांत की घरात कुत्रा आहे हे विसरायला व्हावे. पण अंगावर चरबी नसल्याने नुसत्या फरशीवर त्याची कोपरे घासून सोलवटतात. जाड गोधडी हवी. माघातल्या थंडीत पांघरूणही लागते. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फिरणे सूर्य उगवण्याआधी उरकावे. दुपारच्या डांबराने पंजे भाजतात. पोटभर खाऊ घालून लगेच पळवू नये, खोल छातीच्या कुत्र्याला पोटात पीळ पडण्याचा धोका असतो.

कातडी पातळ, केस आखूड. बाभळीच्या काट्याने सहज चिरते. माळावरून परतल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत कुसळ अडकले आहे का, हे रोज पाहावे; आत शिरलेले कुसळ पू करते. द्राक्षबागेतली गळलेली द्राक्षे आणि मनुके त्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. शस्त्रक्रियेची वेळ आली तर कुत्रा धावऱ्या जातीचा आहे हे पशुवैद्यांना आधी सांगावे, कारण भुलीची काही औषधे या शरीरातून लवकर उतरत नाहीत.

स्वभावाने कारवान मानी. घरच्यांवर जीव टाकतो, पण परक्याने अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. इथे तो लर्चरहून वेगळा पडतो. लर्चर बहुधा पाहुण्यांतही रमतो. मारझोड केली की कारवान कायमचा मिटतो. समजुतीने शिकवले तर शिकतो. लहान फ्लॅट, दिवसभर कुलूप आणि सतत येणारे-जाणारे असतील, तर त्याला आणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा घराला गल्लीतले एखादे गावठी पिल्लू अधिक शोभेल.

पिल्लू घ्यायचेच ठरले तर आधी त्याची आई पाहा. ती निरोगी, निर्धास्त असावी आणि पिल्लू निदान आठ आठवडे तिच्याजवळ राहिलेले असावे. पण त्याहीआधी एक करून पाहा. रुंद पट्टा आणा, खुंटीला अडकवा, आणि पंधरा दिवस रोज पहाटे पाचला तो रिकामा पट्टा हातात घेऊन तीन किलोमीटर चालून या. पावसात, थंडीत, लग्नाघरून उशिरा परतल्यावरसुद्धा. कारवान बारा-तेरा वर्षे जगतो. सोळाव्या दिवशी पहाटे तुमचा हात आपणहून खुंटीकडे गेला, तर तो तुमच्या घरी नांदेल.