बाह्यरुग्ण भेटींचे राष्ट्रीय चित्र आणि पेण-रोहा परिसर

प्रस्तावना :
आजारी माणूस उपचारासाठी कोठे व केव्हा जातो, या माहितीवर आरोग्यसेवेचे नियोजन अवलंबून असते. ही माहिती कशी गोळा केली जाते आणि पेण व रोहा तालुक्यांच्या संदर्भात तिचा अर्थ कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोजणीच्या दोन पद्धती :
अमेरिकेत १९७३ मध्ये डॉक्टरांचा नमुना निवडून त्यांच्या दवाखान्यातील भेटींची नोंद घेणारे राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू झाले. तेथे मोजणीचे एकक 'भेट' हे होय. भारतात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात घरोघरी जाऊन मागील १५ दिवसांत कोण आजारी होते व उपचार कोठे घेतले, हे विचारले जाते. येथे एकक 'आजारपण' हे आहे. एकच रुग्ण एका आजारासाठी तीन वेळा दवाखान्यात गेल्यास भेटी तीन होतात. आजारपण मात्र एकच राहते. म्हणून दोन्ही प्रकारच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

राष्ट्रीय चित्र :
७५ व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) मागील १५ दिवसांत आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ग्रामीण भागात ६.८ टक्के, तर नागरी भागात ९.१ टक्के होते. यावरून खेड्यातील माणूस अधिक निरोगी आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दवाखाना दूर असला की किरकोळ दुखणे 'आजार' म्हणून सांगितलेच जात नाही. वैद्यकीय सल्ल्याने उपचार घेतलेल्या ग्रामीण आजारपणांपैकी ४१.४ टक्के खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यात, २०.८ टक्के खाजगी रुग्णालयात आणि ३२.५ टक्के सरकारी संस्थांत उपचारित झाली. ज्यांनी वैद्यकीय सल्लाच घेतला नाही, ते या विभागणीत येत नाहीत, हे विशेष लक्षात घ्यावे लागते.

पेण-रोहा परिसर :
पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये असून जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येचा निकष आहे. परंतु या परिसरात बाजारपेठेची गावे, खारेपाट, धाटावची औद्योगिक वसाहत आणि डोंगरावरील आदिवासी वाड्या शेजारी शेजारी आहेत. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात वाडीतील घर बंद असते आणि भट्टीवरील मुक्काम तात्पुरता असतो. परिणामी दवाखान्याची नोंदवही व घरोघरची पाहणी या दोहोंतूनही ही कुटुंबे निसटण्याची शक्यता असते. राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. तथापि, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी हा खर्च रुग्णाच्या माथी राहतोच.

समारोप :
केस पेपरांची संख्या कमी असणे हे आरोग्य चांगले असल्याचे लक्षण असेलच असे नाही. ते सेवा न पोहोचल्याचेही लक्षण असू शकते. कमी नोंदी म्हणून कमी औषधे आणि औषधे नाहीत म्हणून आणखी कमी रुग्ण, असे दुष्टचक्र यातून निर्माण होऊ शकते. स्थानिक महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून, आरोग्य केंद्राच्या सहकार्याने व व्यक्तींची नावे गुप्त ठेवून, पावसाळ्यात वाड्यांवर आणि हिवाळ्यात वीटभट्ट्यांवर एकच साधी प्रश्नावली वापरावी. 'कोठे गेलात?' या प्रश्नाबरोबरच 'का गेला नाहीत?' हा प्रश्न तीत असणे अगत्याचे आहे.