तुकोबांवर डॉक्टरेट केलेले बिशप

आधी सगळ्यात चकित करणारी गोष्ट. पुण्याचे निवृत्त कॅथलिक बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला होता संत तुकाराम! तुकोबांचा ईश्वरानुभव आणि त्यांच्या अभंगांतली धार्मिक प्रतीकं यांचा तो अभ्यास 1987 मध्ये ‘द गॉड-एक्स्पीरियन्स ऑफ तुकाराम’ या नावाने ग्रंथरूपात आला. डाबरे तेव्हा बिशप झालेही नव्हते.

आणि योग बघा. 2009 मध्ये त्यांना पुणे धर्मप्रांत मिळाला. तुकोबांचं देहू याच धर्मप्रांतात, पंढरपूरही यातच. लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज करत तुकोबांची पालखी ज्या वाटेने विठोबाला भेटायला जाते, ती अख्खी वाट या बिशपांच्या कार्यक्षेत्रात!

डाबरे मूळचे वसईच्या भुईगावचे, जन्म 1945 चा. ज्यांना वसईतलं ख्रिस्ती जीवन ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे चर्चमधली मिस्सा ही उपासना मराठीत होते, भक्तिगीतं मराठीत गातात. त्यामुळे वसईच्या धर्मगुरूला तुकोबा जवळचे वाटले, यात मला तरी काही नवल वाटत नाही. मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटोही याच मातीतले.

वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला थेट 1998 मध्ये! त्याआधी हा भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतात होता. नव्या धर्मप्रांताचे पहिले बिशप डाबरेच. घरच्याच माणसाच्या हाती घर आलं. त्याआधी 1990 पासून ते मुंबईचे सहायक बिशप होते.

याच वसईत ख्रिस्ती हुतात्मा गोन्सालो गार्सिया जन्मले. 1597 मध्ये जपानच्या नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं गेलं आणि 1862 मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. संतपद मिळालेले ते पहिले भारतीय.

सुरुवातीला डाबरेंना निवृत्त म्हटलं, पण बिशपांच्या निवृत्तीचं वय किती? 75! सरकारी नोकर अठ्ठावन्न-साठीला घरी बसतो. बिशप त्यानंतरही दीड दशक कामावर. पंचाहत्तरी झाली की राजीनामा पोपकडे पाठवायचा, पण तो कधी स्वीकारायचा हे पोप ठरवणार. डाबरे 2020 मध्ये पंचाहत्तरीला पोचले, पुण्याला नवे बिशप नेमले गेले 2023 मध्ये. निवृत्तीनंतर धर्मप्रांताचा कारभार सुटतो, बिशपपद मात्र सुटत नाही. अंगठी, गळ्यातला क्रूस, डोक्यावरची जांभळी टोपी आयुष्यभर सोबत.

व्हॅटिकनमध्ये इतर धर्मांशी संवाद साधण्यासाठी एक विभाग आहे, त्याचेही डाबरे सदस्य होते. तुकोबांची इतकी मनापासून ओळख करून घेतलेला माणूस तिथे असणं ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीच गोष्ट.

घरात गाथा असेल तर तिच्या शेजारी हा 1987 चा ग्रंथही असू द्या. वारकऱ्यांच्या तुकोबांकडे एका ख्रिस्ती धर्मगुरूने किती आदराने पाहिलं, ते एकदा वाचाच.