पिवळा दिवा की पांढरा?

‘डॉक्टर, एलईडी लावल्यापासून डोळे दुखतात, झोपही लागत नाही. जुना बल्बच बरा होता ना?’ दवाखान्यात हे नेहमी ऐकतो.

जुन्या बल्बमध्ये तार तापून उजेड पडतो. नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच जाते. ६० वॅटच्या बल्बाइतका उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. म्हणून सरकारने २०१५ साली ‘उजाला’ योजनेतून हे दिवे स्वस्तात घरोघर पोचवले. ते योग्यच झाले.

एलईडीने डोळे बिघडत नाहीत. पण आपण हौसेने आणतो तो पांढराशुभ्र, ६५०० केल्व्हिनचा. त्यात निळा प्रकाश जास्त. रात्री तो डोळ्यांत गेला की झोप आणणारे मेलाटोनिन कमी स्रवते. निजायच्या खोलीत खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्व्हिन लिहिलेला पिवळसर एलईडी लावावा. वीजबिल वाढत नाही.

हलक्या प्रतीचा दिवा नकळत लुकलुकतो, त्याने काहींचे डोके दुखते. बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. ती खूण नसलेला दिवा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आणि चाळिशी उलटली असेल तर आधी डोळे तपासून घ्या. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी तीन दिवे बदलले. हवा होता चष्मा.