अशिलाचे कागद ढगात, किल्ली कोणाच्या हातात?

कोपरीतील एखाद्या वकिलाच्या कार्यालयात संध्याकाळी जाऊन बसावे. दहा बाय दहाची खोली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कपाटात दोऱ्याने बांधलेल्या फायली. मात्र खरे कार्यालय आता खिशातील मोबाईलमध्ये असते. फिर्याद, जबाब, जातीचा दाखला, वैद्यकीय अहवाल, सारे काही 'क्लाऊड'वर. रेल्वे ओलांडून पश्चिमेला न्यायालयात पोहोचेपर्यंत फाईल उघडलेलीही असते. सोय मोठी आहे. पण क्लाऊड म्हणजे काही आकाशातला ढग नव्हे. तो दुसऱ्याच्या मालकीचा संगणक आहे आणि त्याच्या कुलपाची किल्ली म्हणजे आपला पासवर्ड.

ही किल्ली आमचे वकील मित्र कशी सांभाळतात? एकच पासवर्ड वकील, ज्युनिअर आणि कारकून तिघांना ठाऊक. ज्युनिअर नोकरी सोडून गेला तरी पासवर्ड तोच. झेरॉक्सच्या दुकानात ईमेल उघडून प्रिंट काढली की खाते तसेच उघडे. फाईलची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येईल अशी. हा निष्काळजीपणा कोणाला भोवतो? वकिलाला नव्हे, अशिलाला!

अॅट्रॉसिटीच्या खटल्यातील साक्षीदाराचा विचार करा. गावात बहिष्कार, शेतमजुरी बंद, धमक्या. त्याचा नवा पत्ता आरोपीच्या हाती लागला तर तो साक्ष देईल काय? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्तीने आलेले कलम १५-अ न्यायालयाला साक्षीदारांची नावे-पत्ते गुप्त ठेवण्याचा अधिकार देते. न्यायालयाने झाकलेला पत्ता वकिलाच्या मोबाईलमधून फुटणार असेल तर त्या कलमाचा उपयोग काय?

धोका केवळ चोरीचा नाही. नागपूरचे अॅड. सुरेंद्र गडलिंग हे दलित-आदिवासींचे खटले लढवणारे वकील. एल्गार परिषद प्रकरणात त्यांना ६ जून २०१८ रोजी अटक झाली. त्यांच्या संगणकाची प्रत तपासून अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला, की सुमारे वीस महिने त्या संगणकात घुसखोरी होती आणि आक्षेपार्ह पत्रे बाहेरून ठेवली गेली. तपास यंत्रणेने तो अहवाल मान्य केलेला नाही. पण वकिलाच्या संगणकात बाहेरचा माणूस शिरला, तर कागद नेता येतात तसे ठेवताही येतात, हे प्रत्येक वकिलाने ध्यानात घ्यावे. त्याच गडलिंगांचे वकील निहालसिंग राठोड यांना २०१९ मध्ये, पेगासस प्रकरणात आपला मोबाईल लक्ष्य झाल्याचे कळवण्यात आले होते.

कायदा अशिलाच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ वकील-अशील संवादाला संरक्षण देते. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले, की वकिलाचे डिजिटल उपकरण मागवायचे तर ते न्यायालयापुढेच हजर करावे लागेल, ते संबंधितांच्या समक्ष उघडले जाईल आणि इतर अशिलांची गोपनीयता भंगता कामा नये. परंतु न्यायालय पोलिसांना रोखू शकते, चोराला नाही. ते काम वकिलाचे आहे.

आणि ते खर्चिकही नाही. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा ठेवा. पासवर्डबरोबर मोबाईलवर येणारा दुसरा सांकेतिक क्रमांक सक्तीचा करा. काम सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करा. अनोळखी ईमेलची फाईल उघडू नका. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर, कपाटात कुलूपबंद ठेवा. आणि अशिलांनीही विचारावे, "साहेब, माझे कागद कुठे ठेवता?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, हक्काचा आहे.

महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. चवदार तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयातील निकाल १७ मार्च १९३७ चा. दहा वर्षे चाललेली ती लढाई बाबासाहेबांनी कागद आणि पुरावे यांच्या बळावर जिंकली. आमची लढाईही कागदावरच चालते. तो कागद आता ढगात गेला असेल, तर पहाराही तिथेच बसवला पाहिजे. जयभीम!