लिलावातील बोली आणि हाती येणारी पट्टी

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला ‘पट्टी’ या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. मार्केट यार्डात मालाची बोली कितीही चढो, शेवटी हातात जो कागद पडतो त्यावर हमाली, तोलाई, वाराई अशा रकमा एकाखाली एक मांडलेल्या असतात. त्या वजा जाऊन उरणारा आकडा हीच खरी विक्री. या वजावटी कोणाला आवडतात असे नाही. परंतु त्या अनपेक्षितही नसतात. कोणता आकार कशावर लागतो, हे माल गाडीत भरण्यापूर्वीच ठाऊक असते.

संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या लिलावात नेमकी हीच गोष्ट हरवते. बोली ठळक अक्षरांत दिसते, पट्टी मात्र विक्री झाल्यानंतर उलगडते. मग विक्रेता म्हणतो, “टक्केवारी वाचली होती, तरी एवढे पैसे कसे कापले गेले?” पुष्कळदा उत्तर एकच असते. टक्केवारी त्याने वाचलेली असते. ती कोणत्या रकमेवर आकारली जाते, हे वाचलेले नसते.

या व्यवहाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘ईबे’. पियर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ या नावाने ते सुरू केले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. आरंभी विक्रेत्याकडून काहीच घेतले जात नसे. परंतु वर्दळ वाढली, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने महिन्याला २५० डॉलर मागितले आणि तो खर्च भागवण्यासाठी विक्रेत्यांवर आकार बसवण्यात आला. त्याचे दोन भाग होते : वस्तू मांडण्याचा आकार आणि विक्री झाल्यावर अंतिम बोलीवरचा टक्का. आपल्या भाषेत बोलायचे तर एक जागेचे भाडे आणि दुसरी आडत.

हे दोन भाग आजही कायम आहेत. बदलत गेले ते त्यांचे प्रमाण आणि आडतीचा पाया. २००८ च्या आरंभी ईबेने मांडणीचा आकार कमी केला, पण लिलावातील पहिल्या २५ डॉलरवरची आडत ५.२५ वरून ८.७५ टक्क्यांवर नेली. अनेक विक्रेत्यांनी त्या फेब्रुवारीत आठवडाभर माल न मांडता निषेध नोंदवला. पुढचा बदल त्याहून महत्त्वाचा होता. जुलै २०११ पासून आडत केवळ वस्तूच्या किमतीवर न राहता टपालखर्चासह एकूण रकमेवर लागू झाली. यामागे कारणही होते. काही विक्रेते वस्तूची किंमत एक डॉलर आणि टपालखर्च वीस डॉलर असा देखावा करून आडत चुकवीत. थोड्यांच्या चलाखीला घातलेला हा आळा सरळ व्यवहार करणाऱ्या सर्वांच्या पट्टीत कायमचा आला.

तिसरा थर कराचा. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘साउथ डाकोटा विरुद्ध वेफेअर’ या खटल्यात, राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्याकडूनही विक्रीकर वसूल करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. त्यानंतर राज्यांनी हा कर गोळा करण्याची जबाबदारी बाजारपेठ चालवणाऱ्या कंपन्यांवर टाकली. पुढे ईबेने पैसे देण्याघेण्याची व्यवस्थाही ‘पेपाल’कडून स्वतःकडे घेतली. तेव्हापासून आडत मोजताना ग्राहकाने भरलेली संपूर्ण रक्कम धरली जाते : वस्तूची किंमत, टपालखर्च आणि विक्रीकर. जो कर विक्रेत्याच्या खात्यात येतच नाही, त्यावरही त्याला आडत द्यावी लागते.

आकडे मांडून पाहू. दर देशानुसार आणि मालाच्या प्रकारानुसार वेगळे असतात. म्हणून येथे २०२४ मध्ये अमेरिकेतील साध्या विक्रेत्याला बहुतांश वर्गांत लागू असलेला दर घेतला आहे : एकूण रकमेच्या १३.२५ टक्के आणि दहा डॉलरहून मोठ्या प्रत्येक मागणीमागे ४० सेंट.

समजा, ६५ डॉलरला घेतलेली वस्तू लिलावात १०० डॉलरला गेली. वेष्टनाचा खर्च २ डॉलर. विक्रेत्याच्या मनातील हिशेब असा : शंभरातून सव्वातेरा डॉलर आडत, ६७ डॉलर खर्च, म्हणजे नफा १९ डॉलर ७५ सेंट. टपालखर्चाचे १५ डॉलर ग्राहक देणारच, म्हणून ते त्याने हिशेबात धरलेच नाहीत.

आता प्रत्यक्ष पट्टी पाहा. वस्तू १००, टपाल १५ आणि कर ८, असे ग्राहकाने १२३ डॉलर भरले. त्यावर १३.२५ टक्के म्हणजे १६ डॉलर ३० सेंट. त्यात ४० सेंट मिळवले की १६ डॉलर ७० सेंट. शिवाय ८० डॉलरखाली माल जाऊ नये म्हणून विक्रेत्याने ‘राखीव किंमत’ ठेवली होती. तिचा आकार राखीव किमतीच्या साडेसात टक्के, निदान ५ डॉलर. येथे तो ६ डॉलर झाला. एकूण वजावट २२ डॉलर ७० सेंट आणि हाती नफा १० डॉलर ३० सेंट. अपेक्षित नफ्यातील जवळजवळ निम्मा भाग गेला, आणि एकही आकार नियमाबाहेरचा नव्हता.

स्वस्त मालात तर आडत बोलीच्या निम्म्यावर जाते. बोली वाढेल या आशेने एका डॉलरहून कमी किमतीत लिलाव सुरू केला आणि तो ५ डॉलरवर थांबला, असे समजू. टपाल १२ डॉलर, कर ४० सेंट. आडत १७ डॉलर ४० सेंटवर लागेल : २ डॉलर ७१ सेंट. पाच डॉलरच्या बोलीतून निम्म्याहून अधिक रक्कम येथेच गेली. तेरा टक्के वाचून बसलेल्या विक्रेत्याला चौपन्न टक्के द्यावे लागले. वस्तू हलक्या किमतीची आणि टपाल जड, अशा ठिकाणी ही तफावत सर्वाधिक असते.

विक्री न होताही लागणारे आकार वेगळे लक्षात ठेवायला हवेत. दरमहा ठरावीक संख्येपर्यंत मांडणी विनामूल्य असते; त्यापुढे प्रत्येक मांडणीला आकार आहे. माल न विकल्याने तो पुन्हा मांडला, तर ती नवी मांडणी ठरते. राखीव किमतीचा आकारही माल पडून राहिला तरी परत मिळत नाही. ग्राहकाने बँकेमार्फत रक्कम परत मागितली आणि दोष विक्रेत्याकडे आला, तर त्या वादाचे २० डॉलर वेगळे.

यावर एक साधा उपाय आहे, तो म्हणजे हिशेब उलट्या बाजूने करणे. बोलीपासून नफ्याकडे न जाता नफ्यापासून बोलीकडे यावे. वरच्या उदाहरणात खर्च ६७ आणि किमान नफा १० धरला, तर हाती ७७ डॉलर यायला हवेत. त्यात ठरावीक ४० सेंट आणि १५ डॉलर टपालावरची आडत, म्हणजे सुमारे दोन डॉलर, मिळवावेत : ७९ डॉलर ३९ सेंट. आडत आणि तिच्यातील करावरचा भाग धरून प्रत्येक डॉलरच्या बोलीतून सुमारे ८५.७ सेंट हाती राहतात. भागाकार केला की ९२ डॉलर ६५ सेंट येतात. म्हणून आरंभीची बोलीच ९३ डॉलर ठेवावी. राखीव किमतीने जे संरक्षण विकत घ्यायचे, ते येथे सहा डॉलर न देता मिळते. बोली लावणारे कमी येतील, हे खरे. पण तोट्यात माल जाण्यापेक्षा तो कपाटात राहिलेला बरा.

आपला या बाजाराशी संबंध जुना आहे. मुंबईत उभी राहिलेली ‘बाझी डॉट कॉम’ ही लिलावाची बाजारपेठ ईबेने २००४ मध्ये विकत घेतली. भारतातील ग्राहकांसाठीची ती सेवा ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. मात्र येथून परदेशी ग्राहकांना माल विकण्याचा मार्ग आजही खुला आहे. देशातील अन्य ऑनलाइन बाजारपेठांवर ठरावीक किमतीने माल विकणारी कुटुंबे तर अनेक आहेत. लिलाव असो वा ठरावीक किंमत, आडतीचा पाया तपासण्याची गरज दोन्हीकडे तितकीच आहे.

देशातील विक्रीत आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. पट्टीतील प्रत्येक वजावट हा खर्च नसतो. बाजारपेठ चालवणारी कंपनी जीएसटीपोटी विक्रीच्या रकमेवर जी कपात करते, ती १ ऑक्टोबर २०१८ पासून एक टक्का होती आणि १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाली. आयकराची कपात १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाली आणि पुढे ती एक टक्का होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून ती ०.१ टक्का आहे. या दोन्ही रकमा विक्रेत्याच्या नावे सरकारजमा होतात आणि विवरणपत्र भरताना त्यांचे श्रेय घेता येते. कंपनीच्या कमिशनवरील १८ टक्के जीएसटीचेही श्रेय नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मात्र तो खर्चच धरावा लागतो.

म्हणून कीर्दीत नोंद करताना बँकेत आलेली निव्वळ रक्कम ‘विक्री’ म्हणून लिहिण्याचा मोह टाळावा. पूर्ण विक्री जमेला आणि आडत, टपाल, जाहिरात, करकपात स्वतंत्र खात्यांत अशी मांडणी असावी. अन्यथा कंपनीने सरकारला कळवलेली विक्री आणि आपल्या वहीतील विक्री जुळत नाही, हक्काचे श्रेय हातचे जाते आणि कोणता आकार वाढला हे वर्षभर कळत नाही.

आकार दुसऱ्याच्या खिशात सरकवण्याचे प्रयत्नही होत असतात. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. ईबेनेही जर्मनीत मार्च २०२३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये खासगी विक्रेत्यांची आडत माफ केली. परंतु ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून ‘खरेदीदार संरक्षण’ या नावाने ग्राहकाच्या किमतीत आकार मिळवला जाऊ लागला. ग्राहक एकूण रक्कम पाहूनच खरेदी करतो. किंमत चढलेली दिसली की तो हात आखडता घेतो, आणि विक्रेत्याला मूळ भाव उतरवावा लागतो. आकाराची जागा बदलली, तरी त्याचा भार पूर्णपणे दुसऱ्यावर जातोच असे नाही.

ऑनलाइन बाजारपेठेने छोट्या दुकानदाराला दूरदेशीचे ग्राहक दिले, ही तिची मोठी देणगी आहे. त्या सेवेचा मोबदला देण्यातही गैर काही नाही. मात्र तो किती, कशावर आणि विक्री झाली नाही तरी द्यावा लागेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे माल मांडण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावीत. दरपत्रक वर्षातून एकदा तरी पुन्हा वाचावे आणि महिन्याच्या शेवटी आलेली पट्टी ओळीने तपासावी. घरातील नव्या पिढीकडे हा व्यवहार सोपवताना पासवर्डबरोबर ही सवयही सोपवावी.