डोंगरानं एका रात्रीत बांधलेलं धरण

18 फेब्रुवारी 1911 च्या रात्री पामीर पर्वतात जमीन हादरली आणि मुर्गाब नदीच्या काठावरचा एक अख्खा डोंगरउतार सुटून खाली आला. दोन घन किलोमीटरहून जास्त दगडमाती नदीच्या पात्रात येऊन बसली. उसोई नावाचं गाव त्याखाली गाडलं गेलं. नदी जागच्या जागी अडली. बाहेरच्या जगाला यातलं काही कळायला कित्येक आठवडे लागले, कारण त्या घळींतून बाहेर पडायच्या वाटा अशा की कड्यात खुंट्या ठोकायच्या, त्यावर फांद्या आणि सपाट दगड अंथरायचे आणि खाली नदी घोंघावत असताना त्यावरून चालायचं. तिथले लोक या वाटेला ओवरिंग म्हणतात. धरणीकंपात त्यातल्या किती तगल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

अडलेलं पाणी मग महिनोन्‌महिने चढत राहिलं. वरच्या अंगाला सारेझ नावाचं गाव होतं, तेही बुडालं. आजच्या तलावाला नाव मिळालं ते या बुडालेल्या गावाचं, आणि धरणाला गाडल्या गेलेल्या गावाचं. उसोई धरणाची उंची आहे सुमारे 567 मीटर. माणसानं बांधलेलं एकही धरण अजून या उंचीच्या जवळपास पोचलेलं नाही. आपलं कोयनेचं धरण 103 मीटर उंच आहे आणि त्यात 105 टीएमसी पाणी मावतं. सारेझ तलाव सुमारे 56 किलोमीटर लांब, सर्वांत खोल जागी सुमारे अर्धा किलोमीटर खोल, आणि त्यातलं पाणी साडेपाचशे टीएमसीच्याही वर. एवढा साठा समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटरवर, नुसत्या दगडांच्या ढिगाऱ्यानं तोलून धरलेला आहे. त्याला सांडवा नाही आणि दरवाजेही नाहीत.

मग हे पाणी जातं कुठे? 1914 पासून ते धरणाच्या अंगातूनच झिरपायला लागलं. कोसळलेल्या खडकांमधल्या फटींतून वाट काढत ते पलीकडे झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं आणि तिथून नदी पुन्हा वाहू लागते. खालच्या टप्प्यात हिचंच नाव बारतांग. सरासरी दीड हजार क्युसेकच्या आसपास हा विसर्ग आहे. तलावात येणारं पाणी आणि फटींतून जाणारं पाणी यांचा मेळ बसला आहे, म्हणून माथ्यापासून सुमारे 50 मीटर खाली पाण्याची पातळी गेली अनेक दशकं घुटमळते आहे. कुणीही न आखलेली ही व्यवस्था शंभर वर्षांहून जास्त काळ चालली आहे.

या दरडीनं शास्त्रज्ञांनाही एका वादात गुंतवलं. सेंट पीटर्सबर्गजवळच्या पुल्कोवो वेधशाळेत बोरिस गोलित्सिन यांनी स्वतः घडवलेल्या भूकंपमापकावर त्या रात्रीच्या लहरी उमटल्या होत्या. पुढे सारेझच्या दरडीची माहिती मिळाली तेव्हा त्यांनी 1915 मध्ये असं मांडलं की भूकंपामुळे दरड कोसळली असं नसून दरड कोसळल्यामुळेच भूकंप झाला. दोन घन किलोमीटर खडक खाली आदळला, तर अख्खी पृथ्वी थरथरणारच, असा हिशेब. तो मोठमोठ्यांना पटलाही. पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अनेक वर्षं काम केलेल्या, 1897 च्या आसाम भूकंपाचा बारकाईनं अभ्यास केलेल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांना तो पटेना. दरडीपासून लांबच्या गावांमध्येही पडझड झाली होती, ती एका दरडीच्या आघातानं होणं शक्य नाही, असा मुद्दा त्यांनी 1923 मध्ये मांडला. आज विज्ञान ओल्डहॅम यांच्या बाजूनं आहे. आधी भूकंप, मग दरड. मला या वादात खरं मोल वाटतं ते ओल्डहॅम यांच्या पद्धतीचं. आलेखावरच्या रेषा बघतानाही त्यांचं लक्ष लांबच्या गावांतल्या पडक्या भिंतींकडे होतं.

पण इथली जमीन एवढी का हलते? याचं उत्तर थेट आपल्या पायाखाली येतं. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हा म्हणून ओतला गेला तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आणि तेव्हा भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. तो उत्तरेकडे सरकत होता, आणि भूशास्त्राच्या मानानं भरधाव सरकत होता. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला येऊन धडकला. हिमालय उभा राहिला हे आपण शाळेत शिकलो. पण धडकेचा जोर हिमालयाशी संपला नाही. भारताच्या वायव्य कोपऱ्यापुढे जे काही होतं, ते उत्तरेकडे रेटलं गेलं, चुरगाळलं आणि उंच उचललं गेलं. तेच पामीर. हिंदुकुश, काराकोरम, कुनलुन आणि तियानशान या रांगा जिथे एकमेकींच्या जवळ येतात, तिथे ही पर्वतांची गाठ बसली आहे. बहुतेक भाग ताजिकिस्तानात; कडा किर्गिझस्तान, चीन आणि अफगाणिस्तानात.

रेटा अजून थांबलेला नाही. पामीरच्या उत्तर पायथ्याशी अलाय नावाचं लांबट, गवताळ खोरं आहे. पामीरची आघाडी त्याच्यावर चढत चालली आहे, दरवर्षी एखाद्या सेंटिमीटरच्या वेगानं. उपग्रहांच्या मदतीनं हे सरकणं मोजलं गेलं आहे. अलायच्या परिसरातल्या खडकांत शिंपल्यांचे थर सापडतात, कारण सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत इथे उथळ समुद्र होता. पर्वत वर येत गेले तसा समुद्र पश्चिमेला मागे हटला आणि शिंपले डोंगरातच राहिले.

खोलात तर याहून विलक्षण प्रकार चालला आहे. हिंदुकुशाखाली भारताकडचा खडकाचा थर उत्तरेकडे वाकून खाली बुडतो आहे. लगतच पामीरखाली आशियाचा थर उलट, दक्षिणेकडे वाकून बुडतो आहे. म्हणून या भागात दीडशे-दोनशे किलोमीटर खोलीवर भूकंप होतात. खंडांच्या पोटात इतके खोल भूकंप फार कमी ठिकाणी होतात. 26 ऑक्टोबर 2015 रोजी हिंदुकुशात झालेला भूकंप 200 किलोमीटरहून अधिक खोलीवर होता, तरी दिल्लीतली माणसं इमारतींतून रस्त्यावर आली.

आणि त्या खोलीचा पुरावा हातात धरता येतो. आग्नेय पामीरमध्ये डुंकेलडिक इथे सुमारे 1 कोटी 10 लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखी उसळला. त्याच्या लाव्ह्यात खडकाचे छोटे तुकडे अडकून वर आले. आत तांबूस गार्नेटचे दाणे. त्यांच्यातल्या खनिजांवरून कळतं की हे खडक 90 किलोमीटरच्या आसपास खोलीवर, हजार अंशांहून अधिक तापमानात शिजलेले आहेत. मूळचे मात्र ते खंडाच्या कवचाचे, म्हणजे एरवी तीस-चाळीस किलोमीटरच्या आत असणारे. टकरीत कवच खाली दाबलं गेलं आणि त्याचे काही कण ज्वालामुखीनं परत आणून दिले. इतक्या खोलवरचा असा निरोप जगात फार थोड्या जागी मिळतो.

आता वरच्या जमिनीकडे येऊ. पामीर एकसारखा नाही. पश्चिमेकडचा भाग खोल, अरुंद घळींचा, डोक्यावर हिमशिखरांचा. पावसाळी वारे इथवर पोचत नाहीत. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वारे पश्चिम आणि मध्य पामीरवर बर्फ टाकतात. त्या बर्फातून फेडचेंको हिमनदी झाली. लांबी सुमारे 77 किलोमीटर, म्हणजे ध्रुवीय प्रदेश वगळता जगातल्या सर्वांत लांब हिमनद्यांतली एक, आणि काही ठिकाणी बर्फाची जाडी किलोमीटरभर. तिच्यासह या भागातल्या बर्फाचं पाणी वख्श आणि पंज या नद्यांना मिळतं. त्या दोघी मिळून अमुदर्या होते. 1933 मध्ये या हिमनदीच्या काठी, 4,169 मीटरवर, हवामान वेधशाळा उभारली गेली आणि जवळजवळ साठ वर्षं माणसांनी तिथे राहून नोंदी केल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ती ओस पडली. त्या नोंदी मात्र आजही कामाला येतात, कारण हिमनदीचं तोंड विसाव्या शतकात किलोमीटरभर मागे हटलं, हे सांगायला जुनं मोजमाप लागतंच.

पूर्व पामीरवर आलं की सगळं बदलतं. शिखरांनी अडवल्यामुळे ढग इथे रिकामेच येतात. मुर्गाब गाव सुमारे 3,600 मीटरवर आहे आणि तिथे वर्षभरात 100 मिलिमीटरसुद्धा पाऊस-बर्फ पडत नाही. हिवाळ्यात पारा उणे 40 च्या खाली जातो. रुंद, सपाट खोरी, भुरे-तांबूस डोंगर, झाड नाही. हे वाळवंट आहे, फक्त आकाशाच्या जवळचं.

चिनी भिक्षू ह्युएन त्सांग इ. स. 643-44 च्या सुमारास इथून मायदेशी परतला. त्यानं लिहून ठेवलं आहे की इथे वसंतात आणि उन्हाळ्यातही बर्फ पडतं, धान्य पिकत नाही, झाडं विरळ आणि माणसांचा मागमूस नाही. त्याच्या दोनेक वर्षं आधी हाच माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात येऊन गेला होता आणि तिथल्या माणसांच्या मानी स्वभावाबद्दल त्यानं लिहिलं होतं.

पण ह्युएन त्सांगला जे ओसाड वाटलं ते रिकामं नव्हतं. खाली वाकून पाहिलं तर टेरेस्केन दिसतं. वीतभर उंचीचं, राखाडी, लव असलेल्या बारीक पानांचं झुडूप. जमिनीवर जेवढं दिसतं त्याहून कितीतरी जास्त जमिनीखाली, कारण पाणी शोधत लाकडासारखं कठीण मूळ खोल गेलेलं असतं. वाढ इतकी सावकाश की बोटभर जाडीच्या खोडाला कित्येक वर्षं लागतात. हिवाळ्यात रानमेंढ्यांपासून याकांपर्यंत सगळ्यांचा भार या झुडपावर. सोव्हिएत काळात बाहेरून येणारा कोळसा 1991 नंतर बंद झाला, आणि उणे 40 मध्ये चूल पेटवायला माणसांनी टेरेस्केन मुळासकट उपटायला सुरुवात केली. त्यांना दोष देता येत नाही. पण गावांभोवतीचे पट्टे उघडे पडले आणि माती वाऱ्यावर गेली. डोंगर एका रात्रीत बदलतो हे सारेझनं दाखवलं. एक झुडूप परत यायला किती काळ लागतो, हे या पट्ट्यांत दिसतं.

याच टेरेस्केनवर जगतो मार्को पोलो मेंढा. नराची शिंगं बाहेरच्या बाजूनं मोकळी वळत जातात, आणि वळणावरून मोजली तर दीड मीटरच्याही पुढे भरतात. हिवाळ्यात शिंगाची वाढ थांबते, तिथे खाच पडते. त्या खाचा मोजून जनावराचं वय सांगता येतं. मार्को पोलोनं तेराव्या शतकात या शिंगांचं वर्णन केलं, ते युरोपात अनेकांना थाप वाटलं. 1838 मध्ये जॉन वुड अमुदर्याचा उगम शोधत झोरकुल सरोवरापर्यंत पोचला आणि तिथून त्यानं शिंगं नेली. 1841 मध्ये एडवर्ड ब्लिथ यांनी या मेंढ्याला मार्को पोलोचं नाव दिलं. कडाक्याच्या हिवाळ्यानं थकलेले नर लांडग्यांच्या आणि हिमबिबट्यांच्या तावडीत सापडतात, म्हणून पूर्व पामीरच्या माळावर शिंगं ठिकठिकाणी पडलेली असतात. पश्चिमेकडच्या खोऱ्यांतले इस्माईली पंथाचे मुस्लिम लोक ती आपल्या पवित्र स्थानांवर रचून ठेवतात.

पामीरच्या कराकुल, झोरकुल, रंगकुल या सरोवरांवर उन्हाळ्यात पट्टकदंब हंस अंडी घालतात. डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या असलेला हा पक्षी. त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रचनेत छोटासा बदल आहे, त्यामुळे विरळ हवेतला प्राणवायू ते अधिक घट्ट पकडतं. उपग्रहाच्या साहाय्यानं माग काढलेल्या हंसांपैकी एकानं 7,290 मीटरची उंची गाठली होती. पण एरवी ते विनाकारण उंच जात नाहीत. खालचा डोंगर चढला की चढतात, उतरला की उतरतात, कारण दाट हवेत पंख मारायला कमी श्रम पडतात. मध्य आशियातल्या पठारांवर वाढलेले असे हंस हिवाळ्यात भारतभर उतरतात, आपल्याकडे उजनी आणि जायकवाडीलाही.

या पर्वताचा मोठा भाग, सुमारे 25 लाख हेक्टर, ताजिक राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे आणि 2013 मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला. सारेझवर धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बसवलेली आहे, कारण तलावाच्या उजव्या काठावरचा एक उतार अजून अस्थिर आहे आणि खाली बारतांगच्या खोऱ्यात गावं आहेत. तिथली माणसं त्या तलावाखालीच शेती करतात, जर्दाळू वाळवतात.

येत्या थंडीत पट्टकदंब हंस बघायला भिगवणला किंवा पैठणला गेलात, तर दुर्बीण बरोबर ठेवा. मध्य आशियातले संशोधक त्यातल्या काही हंसांच्या गळ्यात रंगीत पट्टी घालून त्यावर अक्षरं-आकडे लिहितात. अशी पट्टी दिसली तर रंग, अक्षरं, तारीख आणि जागा टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा.