कॅमेऱ्याचे वय

अब्बांचे एक जुने स्नेही होते, शाळामास्तर. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणायचो. गेल्या हिवाळ्यात ते वारले. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा नंदुरबारला आमच्या घरी आला. हातात कातडी केसमधला एक कॅमेरा होता. म्हणाला, "भाऊ, बाबांनी सांगून ठेवलं होतं, हा तुम्हालाच द्यायचा. तुमच्या अम्मीचा फोटो यानेच काढलाय." सोबतचा नातू लगेच म्हणाला, "चाचा, शंभर वर्षांचा आहे. इंग्रजांच्या काळातला!"

अम्मीचा आमच्याकडे एकच फोटो आहे. सारंगखेड्याची यात्रा, मागे घोडे, अम्मीच्या कडेवर मी. पाठीवर अब्बांनी उर्दूत लिहिले आहे : दत्तजयंती, १९७२. मी शाळेत जायच्या आधीच अम्मी गेली. त्यामुळे कॅमेऱ्याचे वय हा माझ्यासाठी हौसेचा प्रश्न नव्हता.

जुना कॅमेरा मिळाला की आपण आधी पुसायला धावतो. तसे करू नये. पाणी नको, तेल नको. मागे तांबडी काचेची खिडकी असेल, तर त्यातून आकडा दिसतो का ते पाहावे. दिसला, तर आत फिल्म आहे. ती शेवटपर्यंत गुंडाळल्याशिवाय झाकण उघडू नये. कुणाचा तरी चेहरा त्यात असू शकतो.

मग अक्षरे वाचावीत. माझ्या कॅमेऱ्यावर 'आगफा क्लिक थ्री' असे होते. आगफा हे नाव जर्मन आणि जुने, १८९७ साली नोंदवलेले. पण कंपनीचे वय म्हणजे वस्तूचे वय नव्हे. भिंग लावून पाहिले तर 'मेड इन इंडिया', न्यू इंडिया इंडस्ट्रीज, बडोदे, आणि आगफा-गेव्हर्ट ही जोडनावेही सापडली. जर्मनीची आगफा आणि बेल्जियमची गेव्हर्ट या कंपन्या एकत्र आल्या १९६४ मध्ये. म्हणजे हा कॅमेरा त्याआधीचा असूच शकत नाही. इंग्रज जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती! नातवाचा चेहरा उतरला.

फिल्मवरूनही वय कळते, पण जपून. यात १२० नंबरची फिल्म लागते. ती कोडॅकने १९०१ साली ब्राउनी या खोका-कॅमेऱ्यासाठी काढली आणि आजही मिळते. तेव्हा नुसत्या नंबरावरून काही ठरत नाही. फोटोचा आकार मात्र बोलतो. त्या ब्राउनीत एका रोलवर आठ लांबट फोटो निघत, सव्वादोन बाय सव्वातीन इंचांचे. क्लिकमध्ये निघतात बारा, सव्वादोन इंचांचे चौकोनी. मी अम्मीच्या फोटोला पट्टी लावली. चौकोनी, सव्वादोन इंच.

तरी एक शंका उरली. हे कॅमेरे पुढेही बरीच वर्षे बनत होते. गुरुजींनी तो १९७२ नंतर घेतला असला तर? वस्तू स्वतः फक्त एवढेच सांगते, की मी याआधीची नाही. नंतरची हद्द माणसांकडून आणि कागदांकडून घ्यावी लागते. मी गुरुजींच्या मुलाला घरचा अल्बम आणायला सांगितला. त्यात आधी सगळे स्टुडिओतले फोटो. मग एका पानावर शाळेतले झेंडावंदन, चौकोनी, खाली गुरुजींच्या अक्षरात : २६ जानेवारी १९७०. तिथून पुढे पानेच्या पाने चौकोनी.

हा पक्का पुरावा नाही, हे मी जाणतो. चौकोनी फोटो काढणारे दुसरेही कॅमेरे होते. पण गुरुजींचा शब्द खोटा पाडील असे त्या वस्तूत काही निघाले नाही. कॅमेरा शंभर वर्षांचा असता, तर मी तो कपाटात मांडून ठेवला असता. तो माझ्याच वयाचा निघाला, म्हणून अम्मीच्या फोटोशेजारी ठेवला आहे.

आपल्या घरी अशी वस्तू असेल, तर एक करा. कोणी दिली, कोणी वापरली, कधी, कुठे, हे चार ओळींत लिहून तिच्या केसमध्ये ठेवा. सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)